खाजगी टांकसाळींतील सोने आणि विश्वासाचा कस : अमेरिकेतील सुवर्णशोधकालीन खाजगी नाणी व त्यांच्या संग्रहाचा इतिहास

प्रस्तावना

नाणे पाडण्याचा अधिकार हे सार्वभौम सत्तेचे एक प्रमुख लक्षण मानले जाते. राज्यारोहण करणारा राजा स्वतःच्या नावाचे नाणे पाडतो आणि जिंकलेल्या प्रदेशातील टांकसाळ प्रथम ताब्यात घेतो, हे जगाच्या इतिहासात सर्वत्र दिसते. या सामान्य नियमाला छेद देणारे एक महत्त्वाचे उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासात आढळते. १८३० ते १८६२ या सुमारे तीन दशकांत तेथील सोनार, घड्याळजी, सावकार, व्यापारी कंपन्या आणि एका प्रसंगी धर्मसंस्था यांनी स्वतःच्या नावाने सोन्याची नाणी पाडली. ती बाजारात चालली, त्यांत मजुरी दिली गेली, मालाची खरेदी-विक्री झाली. शासनाने त्यांना मान्यता दिली नाही आणि दीर्घकाळ मनाईही केली नाही.

आज ही नाणी नाणकसंग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत मौल्यवान ठरली आहेत. ती इतकी दुर्मिळ का झाली, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः 'ती मुळात थोडीच पाडली गेली' असे दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. काही खाजगी टांकसाळींनी लक्षावधी डॉलर मूल्याची नाणी पाडली होती. ती नाहीशी झाली याचे प्रमुख कारण ती पुन्हा मुशीत गेली हे होय. आणि ती मुशीत का गेली याचे उत्तर त्या काळच्या समाजातील विश्वास, अविश्वास आणि नफा यांच्या व्यवहारात सापडते. या नाण्यांची दुर्मिळता हाच त्यांच्याविषयीचा सर्वांत बोलका ऐतिहासिक पुरावा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे. त्याचबरोबर संग्राहकांनी हा पुरावा कसा जपला, कोठे गढूळ केला आणि या पुराव्यात काय मुळीच नोंदले गेलेले नाही, याचाही विचार येथे केला आहे.

घटनात्मक चौकट

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाने नाणी पाडण्याचा व त्यांचे मूल्य ठरविण्याचा अधिकार काँग्रेसला दिला. त्याच अनुच्छेदाच्या दहाव्या कलमाने घटक राज्यांना नाणी पाडण्यास मनाई केली. खाजगी व्यक्तींविषयी मात्र घटना मौन बाळगते. शासकीय नाण्यांची नक्कल करणे हा गुन्हा होता. परंतु स्वतःच्या नावाचे, स्वतःच्या छापाचे सोन्याचे नाणे पाडून ते घेणाऱ्याच्या इच्छेवर सोपविणे हा गुन्हा नव्हता. असे नाणे स्वीकारण्याची कोणावरही कायदेशीर सक्ती नव्हती. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने कळीची आहे. शासकीय नाण्यामागे कायद्याचे बळ असते. खाजगी नाण्यामागे केवळ दोन गोष्टी होत्या : त्यातील सोने आणि ते पाडणाऱ्याची पत.

पूर्वपीठिका : जॉर्जिया व नॉर्थ कॅरोलिना

सुवर्णशोधकालीन खाजगी नाण्यांचा प्रारंभ कॅलिफोर्नियात झाला असा समज प्रचलित असला, तरी तो बरोबर नाही. नॉर्थ कॅरोलिना आणि जॉर्जिया येथे सोने त्यापूर्वीच सापडले होते. तेथील खाणकामगारास आपले सोने नाण्यांत रूपांतरित करण्यासाठी फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीपर्यंत धोक्याच्या वाटेने पाठवावे लागे. १८३० मध्ये जॉर्जियातील टेम्पल्टन रीड या कारागिराने अडीच, पाच व दहा डॉलरची सोन्याची नाणी पाडली. मात्र ती दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीची आहेत अशी टीका वृत्तपत्रांतून होताच त्याचा व्यवसाय काही महिन्यांतच बंद पडला.

याउलट उदाहरण ख्रिस्तोफर बेक्टलर या जर्मन स्थलांतरिताचे आहे. नॉर्थ कॅरोलिनातील रदरफोर्डटन येथे त्याने १८३१ मध्ये नाणी पाडण्यास प्रारंभ केला. अमेरिकेतील सोन्याचा पहिला एक डॉलर याच टांकसाळीतून बाहेर पडला; सरकारी टांकसाळीने सोन्याचा डॉलर १८४९ मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी पाडला. बेक्टलरच्या नाण्यांवर देवता, गरुड वा राष्ट्रचिन्ह नाही. त्यांवर पाडणाऱ्याचे नाव, मूल्य, वजन आणि सोन्याचा कस एवढाच मजकूर आढळतो. जणू सराफाने आपल्या पावतीवर लिहावा तसा हा मजकूर आहे. त्याच्या टांकसाळीत १८४० पर्यंत बावीस लाख डॉलरहून अधिक मूल्याची नाणी पाडली गेल्याची नोंद आढळते. शासनाने १८३८ मध्ये शार्लट व दालोनेगा येथे सरकारी टांकसाळीच्या शाखा सुरू केल्यानंतरही बेक्टलर कुटुंबाचे काम चालू राहिले. रीड आणि बेक्टलर यांच्या अनुभवांतून पुढील तीस वर्षांचा आराखडाच मिळतो : वृत्तपत्रातील एक तक्रार टांकसाळ बुडवू शकत होती आणि नाण्यावर छापलेले वजन खरे ठरले तर एखादा परदेशी सोनारही लक्षावधींचा व्यवहार करू शकत होता.

कॅलिफोर्निया : सोने मुबलक, नाणे दुर्मिळ

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे जॉन सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शल याला सोने आढळले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारी रोजी, ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेस दिला. पुढील दोन वर्षांत जगभरातून माणसे येथे लोटली. ९ सप्टेंबर १८५० रोजी कॅलिफोर्नियास राज्याचा दर्जा मिळाला, परंतु तोपर्यंत तेथे टांकसाळ नव्हती आणि पुरेसे चलनही नव्हते.

परिणामी सोन्याची भुकटीच चलन बनली. शुद्ध सोन्याचा सरकारी भाव प्रति ट्रॉय औंस २० डॉलर ६७ सेंट असा होता. कॅलिफोर्नियातील नैसर्गिक सोन्यात चांदीचा अंश असे. तो वजा जाताही त्याचे टांकसाळीतील मूल्य औंसाला अठरा डॉलरच्या आसपास येई. खाणींच्या परिसरातील दुकानदार मात्र ते सामान्यतः सोळा डॉलरने, आणि प्रारंभी त्याहूनही कमी भावाने घेत. तराजू दुकानदाराचा, चिमूट दुकानदाराची आणि भावही त्याचाच. अशा व्यवहारात खाणकामगाराचे नुकसान ठरलेलेच होते. त्यातच आयात मालावरील जकात अमेरिकी नाण्यांतच भरावी लागे. त्यामुळे जी थोडी सरकारी नाणी होती, ती जकातघराकडे ओढली जात.

ही उणीव भरून काढण्यासाठी जगातील हाती पडेल ते नाणे येथे चालू लागले. स्पॅनिश-मेक्सिकन रौप्यनाणी, फ्रान्सचे फ्रँक आणि हिंदुस्थानातील ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया ही त्याची उदाहरणे होत. रुपया येथे अर्ध्या डॉलरच्या भावाने चाले. कंपनीच्या रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे, तर तत्कालीन अमेरिकी अर्ध्या डॉलरमध्ये सुमारे १८५.६ ग्रेन. म्हणजे रुपया आपल्या धातुमूल्यापेक्षा सुमारे बारा टक्के चढ्या भावाने स्वीकारला जात होता. चलनटंचाई किती तीव्र होती हे यावरून स्पष्ट होते.

खाजगी टांकसाळींचा उदय आणि पारख

या परिस्थितीत १८४९ मध्ये खाजगी टांकसाळी उभ्या राहिल्या. नॉरिस, ग्रेग अँड नॉरिस या कंपनीचे पाच डॉलरचे नाणे हे कॅलिफोर्नियातील पहिले खाजगी सुवर्णनाणे मानले जाते. त्याच वर्षी जॉन लिटल मोफट यांच्या मोफट अँड कंपनीने प्रथम सोळा डॉलर मूल्याच्या आयताकृती लहान लगडी व नंतर पाच आणि दहा डॉलरची नाणी पाडली. मोफटच्या नाण्यांचे रूप सरकारी नाण्यांसारखे होते. स्वातंत्र्यदेवतेच्या मुकुटावर 'लिबर्टी' हा शब्द असतो, तेथे मात्र 'मोफट अँड कंपनी' असे नाव कोरलेले होते. ओळखीच्या रूपाने विश्वास मिळवायचा आणि नाव मात्र स्वतःचे ठेवायचे, हा त्यामागील हेतू उघड आहे.

लोकांचा विश्वास सर्वांनाच लाभला नाही. १८५० मध्ये बाल्डविन अँड कंपनीने दहा डॉलरचे एक देखणे नाणे पाडले. त्यावर दोर फिरविणारा घोडेस्वार गुराखी आहे. बव्हेरियातून आलेल्या आल्ब्रेख्त क्यूनर या कुशल कोरक्याने अशा अनेक खाजगी टांकसाळींसाठी ठसे कोरले. १८५१ च्या प्रारंभी जेम्स किंग ऑफ विल्यम या सॅन फ्रान्सिस्कोतील सावकाराने निरनिराळ्या कंपन्यांची नाणी सरकारी पारख्याकडे तपासणीस पाठविली आणि निष्कर्ष वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. बाल्डविनच्या नाण्यांत दर्शनी मूल्यापेक्षा सुमारे दोन ते तीन टक्के सोने कमी भरले. एवढ्याने व्यापाऱ्यांनी ती नाकारण्यास सुरुवात केली. कंपनी कोसळली आणि तिचे चालक शहर सोडून गेले.

येथे एक आर्थिक बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशमच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम दोन्ही नाणी समान मूल्याने स्वीकारण्याची सक्ती असते तेथे लागू पडतो. कॅलिफोर्नियात अशी सक्ती नव्हती. त्यामुळे हिणकस ठरलेले नाणे चलनात टिकून राहण्याऐवजी बट्ट्याने विकले जाई व वितळविले जाई. बाजाराने स्वतःहून शिस्त लावली, असे याचे कौतुक काही अभ्यासक करतात. परंतु ही शिस्त लागली तेव्हा तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. दोन-तीन टक्क्यांचा नफा टांकसाळवाल्याने आधीच खिशात घातला होता. ते नाणे ज्याच्या हाती शेवटी राहिले, त्या मजुराला वा किरकोळ दुकानदाराला मूळ तुटीपेक्षा कितीतरी अधिक बट्टा सोसावा लागला.

उटा आणि ऑरेगॉन : श्रद्धा व वजन

कॅलिफोर्नियाचे सोने शेजारच्या प्रदेशांतही पोहोचले. उटामधील सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन समाजाने १८४८ च्या अखेरीपासून नाणी पाडण्यास आरंभ केला. त्यांवर हस्तांदोलन करणारे हात, सर्वसाक्षी नेत्र आणि परमेश्वराप्रत पावित्र्य अर्पण करणारे वचन आढळते. १८४९ चे त्यांचे वीस डॉलरचे नाणे हे त्या मूल्याच्या १८५० पासून चलनात आलेल्या सरकारी नाण्याच्याही आधीचे आहे. नाण्यांवर 'शुद्ध सोने' असा निर्देश होता. तथापि नैसर्गिक सोन्यातील चांदीचा अंश हिशेबात न धरल्याने त्यांचे मूल्य दर्शनी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भरले. फिलाडेल्फियाच्या पारख्यांनी ही तूट प्रसिद्ध केल्यावर समाजाबाहेरील व्यापाऱ्यांनी ती नाकारली. समाजांतर्गत मात्र ती काही काळ चालत राहिली. एकाच नाण्याला श्रद्धेच्या वर्तुळात एक मूल्य आणि बाहेर दुसरे मूल्य मिळाल्याचे हे उदाहरण समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही उपयुक्त आहे.

ऑरेगॉनची कथा अगदी उलट आहे. तेथे १८४९ मध्ये स्थानिक विधिमंडळाने टांकसाळ स्थापण्याचा ठराव केला. परंतु नव्याने आलेले गव्हर्नर जोसेफ लेन यांनी तो घटनाबाह्य ठरविला. तेव्हा काही नागरिकांनी ऑरेगॉन एक्स्चेंज कंपनी या नावाने खाजगी टांकसाळ उभारून पाच व दहा डॉलरची नाणी पाडली. त्यांवर बीव्हर या प्राण्याचे चित्र व भागीदारांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. पाच डॉलरच्या नाण्यावर १३० ग्रेन नैसर्गिक सोने असे वजनच नमूद होते. सरकारी नाण्याचे वजन १२९ ग्रेन होते. ही नाणी पूर्ण मोलाची म्हणून ख्याती पावली आणि त्यामुळेच नाहीशी झाली. ती चलनात ठेवण्यापेक्षा टांकसाळीस धातू म्हणून विकणे व्यापाऱ्यांना सोयीचे वाटले. उटाची नाणी हिणकस म्हणून वितळली, ऑरेगॉनची चोख म्हणून.

सरकारी पारखी ते सरकारी टांकसाळ

खाजगी नाण्यांचा गोंधळ वाढल्यावर काँग्रेसने ३० सप्टेंबर १८५० रोजी कॅलिफोर्नियासाठी सरकारी पारखी नेमण्याची तरतूद केली. हे काम मोफट अँड कंपनीस कंत्राटाने देण्यात आले आणि न्यूयॉर्क येथील घड्याळांच्या पेट्या घडविणारे कारागीर ऑगस्टस हंबर्ट यांची पारखी म्हणून नियुक्ती झाली. ३१ जानेवारी १८५१ पासून पन्नास डॉलरची प्रसिद्ध अष्टकोनी नाणी बाहेर पडू लागली. त्यांतील एकेक नाणे सुमारे ८५ ग्रॅम वजनाचे असे. त्यावर मूल्यासोबत ८८० किंवा ८८७ असा हजारी कस नोंदलेला होता आणि मागील बाजूवर घड्याळाच्या पेटीवर असते तशी यंत्राने कोरलेली वर्तुळाकार वेलबुट्टी होती. कारागिराचा पूर्वीचा व्यवसाय नाण्यावर उमटलेला असा क्वचितच पाहावयास मिळतो.

या अर्धशासकीय व्यवस्थेतही अडचणी होत्याच. पन्नास डॉलरचे नाणे किरकोळ व्यवहारास निरुपयोगी होते. लहान मूल्यांची परवानगी विलंबाने मिळाली. १८५२ मध्ये तर सरकारी जकातघराने सरकारी पारख्याचीच नाणी नाकारली, कारण त्यांचा कस कायद्याने ठरविलेल्या ९०० हून कमी होता. त्यांत सोन्याचा एकूण अंश पुरेसा असूनही नियमाच्या शब्दावर बोट ठेवले गेले. या पोकळीत वास, मॉलिटर अँड कंपनी ही हंगेरीतील १८४८ च्या क्रांतीनंतर देशत्याग केलेल्या दोघांची टांकसाळ पुढे आली व तिने चोख व्यवहाराबद्दल नाव मिळविले. अखेर ३ एप्रिल १८५४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी टांकसाळ सुरू झाली. तिची क्षमता प्रारंभी अपुरी असल्याने केलॉग अँड कंपनी व वास, मॉलिटर यांनी १८५५ पर्यंत नाणी पाडली. त्यानंतर कॅलिफोर्नियातील मोठ्या खाजगी नाण्यांचे युग संपले.

शेवटचा अंक कोलोरॅडोत घडला. १८६० मध्ये डेन्व्हर येथे क्लार्क, ग्रूबर अँड कंपनीने नाणी पाडली. पहिल्या वर्षीची नाणी जवळजवळ शुद्ध सोन्याची असल्याने मऊ होती व लवकर झिजत. म्हणून पुढील वर्षी त्यांत हीण वाढविण्यात आले. १८६३ मध्ये शासनाने ही टांकसाळ २५,००० डॉलरला विकत घेतली. ८ जून १८६४ च्या कायद्याने चलन म्हणून वापरण्याच्या उद्देशाने खाजगी नाणी पाडण्यास संपूर्ण मनाई झाली.

संग्रहाचा इतिहास

या नाण्यांचे पहिले संग्राहक छंदिष्ट श्रीमंत नव्हते, तर सरकारी पारखी होते. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतील जेकब एकफेल्ट आणि विल्यम ड्यूबॉइस हे आलेल्या खाजगी नाण्यांचा कस तपासून निष्कर्ष प्रसिद्ध करीत. १८५० मध्ये त्यांनी काढलेल्या लहानशा पुस्तकात कॅलिफोर्नियाच्या सोन्याचा प्रत्यक्ष नमुनाही जोडलेला होता. वितळविण्यासाठी आलेल्या नाण्यांपैकी काही नमुने त्यांनी १८३८ मध्ये सुरू झालेल्या टांकसाळीच्या संग्रहात जपून ठेवले. जी संस्था ही नाणी नष्ट करीत होती, तिच्याच दोन कर्मचाऱ्यांनी त्यांचा पुरावा वाचविला. हा संग्रह १९२३ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. त्याला तडाही गेला होता : १८५८ मध्ये या संग्रहातील टेम्पल्टन रीडचे पंचवीस डॉलरचे, ज्ञात असलेले एकमेव नाणे चोरीस गेले व ते पुन्हा मिळाले नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी एडगर अॅडम्स यांनी जुनी वृत्तपत्रे व कागदपत्रे चाळून कॅलिफोर्नियातील खाजगी मुद्रांकनाचा पद्धतशीर इतिहास १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. १९८१ मध्ये डोनाल्ड केगिन यांच्या ग्रंथाने या विषयाला सर्वसमावेशक सूची मिळाली. संग्रहाचा छंद येथे संशोधनात परिणत झाला, हे मान्य केले पाहिजे. अनेक टांकसाळींची माहिती आज केवळ संग्राहकांच्या चिकाटीमुळे उपलब्ध आहे.

५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांजवळील सोने शासनाकडे जमा करण्याचा आदेश काढला, तेव्हा दुर्मिळ नाण्यांचे विशेष मूल्य असलेल्या संग्राहकांच्या नाण्यांना त्यातून वगळण्यात आले. ज्या खाजगी नाण्यांना शासनाने कधीही चलन मानले नव्हते, ती आता 'चलन' नसून 'दुर्मिळ वस्तू' आहेत या कारणाने वाचली, तर असंख्य सरकारी सुवर्णनाणी मुशीत गेली. नशिबाचा हा फेरा लक्षणीय आहे.

मूल्य वाढले तशी फसवणूकही वाढली. पाव व अर्ध्या डॉलरच्या चिमुकल्या कॅलिफोर्नियन नाण्यांच्या नावाने स्मरणवस्तू म्हणून विकल्या गेलेल्या हलक्या धातूच्या चकत्या आजही अनेकांना खऱ्या वाटतात. अधिक गंभीर वाद सोन्याच्या लगडींविषयी झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारात आलेल्या, पश्चिम अमेरिकेतील जुन्या पारख्यांचे शिक्के असलेल्या अनेक लगडी बनावट असल्याचे प्रतिपादन थिओडोर बट्री या नाणकशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात केले आणि त्यावरून संग्राहकांच्या जगात प्रदीर्घ संघर्ष झाला. वस्तू कोठून आली, कोणाकडे होती, याची अखंड साखळी नसेल तर नुसता शिक्का पुरावा ठरत नाही, हा त्यातून मिळालेला धडा इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकास लागू आहे.

या दृष्टीने 'सेंट्रल अमेरिका' या जहाजाचे महत्त्व फार मोठे आहे. कॅलिफोर्नियाचे सोने पनामामार्गे न्यूयॉर्ककडे नेताना हे जहाज १२ सप्टेंबर १८५७ रोजी कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात वादळात बुडाले आणि चारशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. १९८८ मध्ये त्याचे अवशेष सापडले. त्यातून केलॉग अँड हंबर्ट व अन्य पारख्यांच्या शिक्क्यांच्या लगडी वर आल्या. समुद्रतळाशी एकशे तीस वर्षे अस्पर्श राहिलेल्या या लगडींच्या खरेपणाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. 'युरेका' या नावाने प्रसिद्ध झालेली सुमारे ९३३ औंसांची लगड २००१ मध्ये ८० लाख डॉलरला विकली गेली. त्याच सुमारास जहाजातील काही लगडी वितळवून त्या सोन्यात केलॉगच्या १८५५ च्या पन्नास डॉलरच्या नाण्याच्या प्रतिकृती पाडण्यात आल्या. धातू अस्सल, छाप अस्सलवरून घेतलेली, आणि तरीही वस्तू नवी! स्मरणवस्तू तयार करण्यासाठी मूळ ऐतिहासिक लगडींचा बळी देण्यात आला, ही बाब अस्वस्थ करणारी आहे.

नाण्यावर नसलेला इतिहास

नाण्याचा पुरावा कितीही मोलाचा असला तरी तो नाणे पाडणाऱ्याचा पुरावा असतो. बाल्डविनच्या नाण्यावरील घोडेस्वार गुराखी हा स्पॅनिशभाषक कॅलिफोर्नियन समाजाचे प्रतीक आहे. तो १८५० मध्ये नाण्यावर आला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर दरमहा वीस डॉलरचा कर लादला. या कराने हजारो मेक्सिकन, चिलियन व अन्य कामगारांना खाणींतून हुसकावले. ज्यांची प्रतिमा सोन्यावर शोभेसाठी घेतली, त्यांनाच सोन्यापासून दूर केले गेले.

मूळ निवासींची स्थिती त्याहून भीषण होती. त्याच वर्षीच्या एका कायद्याने 'संरक्षण' या नावाखाली त्यांना वेठीस धरण्याची वाट मोकळी केली. हत्या, उपासमार, रोग आणि विस्थापन यांमुळे १८४८ मध्ये सुमारे दीड लाख असलेली त्यांची लोकसंख्या १८७० पर्यंत सुमारे तीस हजारांवर आली. हे सोने ज्यांच्या भूमीतून निघाले, त्यांचे कोणतेही चिन्ह कॅलिफोर्नियाच्या या नाण्यांवर नाही. लिलावाच्या सूचीत नाण्याचा कस, वजन, झीज आणि पूर्वीच्या मालकांची वंशावळ यांची काटेकोर नोंद असते. ही वंशावळ टांकसाळीपाशी थांबते. इतिहासकाराने ती खाणीपर्यंत आणि खाणीच्या आधीपर्यंत नेली पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. अमेरिकेतील खाजगी सुवर्णनाणी ही घटनेतील मौनाची आणि सरकारी टांकसाळीच्या दूरत्वाची फलश्रुती होती. जेथे शासकीय टांकसाळ पोहोचली व सक्षम झाली, तेथे कायद्याने मनाई होण्यापूर्वीच मोठी खाजगी नाणी मागे पडली.

२. या नाण्यांची दुर्मिळता त्यांच्या अल्प संख्येपेक्षा त्यांच्या वितळण्यातून निर्माण झाली. हिणकस नाणी अविश्वासामुळे, चोख नाणी नफ्यासाठी आणि उर्वरित सरकारी चलनात रूपांतर होताना नष्ट झाली. आज शिल्लक असलेले नाणे हे त्या काळच्या व्यवहाराचे सरासरी प्रतिनिधित्व करते असे मानणे धोक्याचे आहे.

३. सार्वजनिक पारख आणि तिच्या निष्कर्षांची मुक्त प्रसिद्धी हेच या व्यवस्थेचे एकमेव नियंत्रण होते. ते प्रभावी ठरले तरी त्याचा भार मुख्यतः शेवटच्या धारकावर पडला.

४. संग्राहकांनी हा पुरावा वाचविला व अभ्यासिला. त्याच वेळी वाढत्या किमतींनी बनावट वस्तूंना आमंत्रण दिले. म्हणून वस्तूच्या हस्तांतराची नोंद ही वस्तूइतकीच महत्त्वाची आहे.

बेक्टलरने आपल्या नाण्यावर नाव, वजन आणि कस लिहिला होता, कारण ते पारखून घेण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे हे तो मान्य करीत होता. इतिहासाच्या वर्गात एखादे जुने नाणे विद्यार्थ्याच्या हाती देताना त्याने हाच अधिकार वापरावा, अशी अपेक्षा आपण धरली पाहिजे. या नाण्याची आज किंमत किती, हा प्रश्न तो विचारीलच. हे कोणी, कोणासाठी पाडले, कोणाला ते नाकारता आले आणि कोणाला नाही, हे प्रश्न त्याच्याकडून विचारले जातील यासाठी मात्र शिक्षकालाच प्रयत्न करावे लागतील.